रॅम चार दिल्या, दोन परत आल्या

७ जून, शनिवार, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. चिखलीतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात मला सांगण्यात आलं की मला मोजता येत नाही... तेही चारपर्यंत.

मी चाकणच्या एका कंपनीत एकोणतीस वर्षं स्टोअर्समध्ये होते. नटबोल्टपासून क्रेनच्या हुकापर्यंत सगळं मोजून घेतलं आणि मोजून दिलं. त्यामुळे ते वाक्य जरा लागलंच.

आधी मशीनबद्दल. मी रिटायर झाल्यावर कंपनीने डिझाइन विभागातली जुनी वर्कस्टेशन्स विकायला काढली. काळी, जड, धुळीने भरलेली, पण आतून भक्कम. त्यातलं एक मी घेतलं... गेम खेळायला.

हो, मीच. इतकी वर्षं गेटमधून ट्रक आत घेतले, बाहेर सोडले, पण एकाही ट्रकच्या केबिनमध्ये चढले नाही. आता गुडघे चढू देत नाहीत. ट्रक चालवण्याचा एक गेम आहे, त्यात गुडघे लागत नाहीत.

तीन महिने व्हिडिओ बघून शिकले. धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली. सगळं डायनिंग टेबलवर, स्वतःच्या हाताने.

अडलं ते ग्राफिक्स कार्डपाशी. ऑफिसच्या मशीनच्या पॉवर सप्लायमध्ये कार्डाला लागणारी जादा वायर नव्हती, आणि विजेच्या जोडणीशी मी खेळ करत नाही. म्हणून दुकान.

मालकाने पहिलाच प्रश्न विचारला, नातवासाठी का? मी म्हटलं, माझ्यासाठी. तो म्हणाला, "पत्ते खेळायला एवढं कशाला लागतंय काकू?" खुर्चीत बसलेला त्याचा मित्र हसला. मी पर्समधून पॅड काढलं.

चाकणला काम केलेल्यांना सांगायला नको. कंपनीतून वस्तू दुरुस्तीला बाहेर जाते तेव्हा रिटर्नेबल गेटपास बनतो... काय गेलं, किती नग, कुठला सीरियल नंबर, परत कधी येणार. दोन प्रती, दोघांच्या सह्या. मी घरातला मिक्सरसुद्धा असाच देते. घरचे चेष्टा करतात, करू देत.

त्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, रॅमच्या पट्ट्या चार, प्रत्येकी चार जीबी, आणि चारही पट्ट्यांचे नंबर. त्याने न वाचता सही ठोकली आणि मित्राला म्हणाला, "भावा, ऑडिट आलं बघ." आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर असत्या तर त्यांनी तो कागद त्याला शंभर वेळा लिहून काढायला लावला असता.

गुरुवारी मशीन घरी आलं. कार्ड व्यवस्थित बसवलं होतं, ते मान्य करते. मी माझा पहिला ट्रक यार्डातून बाहेर काढला... आणि पहिल्याच वळणावर स्क्रीन हँग. मग प्रत्येक वळणावर तेच.

सेटिंगमध्ये बघितलं, सोळा जीबीऐवजी आठ. झाकण उघडलं. दोन खाचा रिकाम्या.

म्हणून शनिवारी पुन्हा दुकानात. तिथे ते ऐकलं... "काकू, रॅम दोनच होत्या. तुमच्या मोजण्यात घोळ झालाय." मी गेटपासची पिवळी प्रत काउंटरवर ठेवली. खाली त्याची सही. मित्राने या वेळी मोबाइलमध्ये तोंड खुपसलं.

मग मालकाने ड्रॉवर उघडला, दोन पट्ट्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. "घ्या, तुमच्याच आहेत. आता विषय संपवा."

त्या घेऊन मी घरी येऊ शकले असते. माप तेच, माझ्या मशीनला चालल्याही असत्या. पण आलेला माल नंबर बघितल्याशिवाय मी आजवर आत घेतलेला नाही. चष्मा लावला... नंबर माझे नव्हते. आणि दोन्हींच्या कोपऱ्यावर लाल नेलपॉलिशचा बारीक ठिपका होता.

मी नेलपॉलिश लावत नाही. म्हणजे आणखी कोणीतरी मशीन देताना खूण करून दिली होती... फक्त त्या माणसाकडे सहीचा कागद नसणार.

मी फोटो काढला आणि पट्ट्या परत काउंटरवर ठेवल्या. म्हटलं, "या माझ्या नाहीत. ज्याच्या आहेत त्याला बोलवा."

तो म्हणाला, "तुम्हाला काय करायचंय काकू? तुमचं काम होतंय ना?"

मोजता येत नाही म्हणाला, ते मी एक वेळ विसरेन. हे नाही विसरणार.

त्यानंतर दोनदा फोन करून माझ्या रॅमबद्दल लेखी उत्तर मागितलं. दोन्ही वेळा एकच उत्तर, देतो ना, कागद कशाला... माझा ट्रक सध्या सगळी सेटिंग खाली ओढून चालतोय. झाडं पुठ्ठ्याची दिसतात, पण चालतोय.

चिखली, कुरुळी, देहूरोड भागातल्या कोणी जुनं वर्कस्टेशन दुरुस्तीला दिलं असेल आणि रॅमवर लाल ठिपका ठेवला असेल, तर मला मेसेज करा. तुम्ही जे कोणी आहात, तुमचे आभार. मोजून देणारी मी एकटी नाही, हे तुमच्यामुळे कळलं.

आणि मालक, तुम्ही हे वाचणार आहात. तुमच्या मिसेसनी गेल्याच महिन्यात इथेच माझ्या कैरीच्या लोणच्याच्या पोस्टला लाइक दिलं होतं. दुकानाचं नाव मी आज लिहिलेलं नाही.

शनिवार, २१ जून, संध्याकाळी सहाच्या आत मला लेखी उत्तर हवं आहे. दोन ओळी पुरेत... माझ्या दोन रॅम कुठे आहेत, आणि त्या दोन कोणाच्या आहेत. खाली सही करा. या वेळी वाचून.