बागेतला नांगर

आमची मुलगी इंग्लंडमधल्या एका जुन्या समुद्रकाठच्या गावी दवाखान्यात नोकरी करते आणि रविवारी तिथल्या संग्रहालयात फुकट गाइड होते. आमच्या गावच्या, वाटूरच्या पाझर तलावापलीकडे जिनं पाणी पाहिलं नव्हतं, ती आता इंग्रजांना त्यांचीच जहाजं समजावून सांगते. तिथलं बंदर गाळानं भरलं, जहाजं यायची थांबली, आणि तेव्हापासून त्यांचा सागरी वारसा फार वाढलाय म्हणे. आमच्याकडे वारसा म्हटलं की माणसं तलाठ्याकडे पळतात.

मला त्या जहाजांशी काही घेणंदेणं नव्हतं. पोरगी परत येणार की नाही, एवढंच मला हवं होतं, आणि नेमकं तेवढंच विचारायची माझी छाती होत नव्हती. म्हणून दर रविवारी फोनवर मी दीपगृहं, कोळ्यांच्या होड्या आणि बुडालेल्या जहाजांच्या घंटा कौतुकानं बघायचे.

असंच एकदा तिनं फोन फिरवून संग्रहालयाची बाग दाखवली. "आई, हा बघ इथला सगळ्यात जुना नांगर."

नांगर म्हटल्यावर माझा शेतकरी नवरा जेवता जेवता उठून आला. फुलांच्या मधोमध काळं लोखंड उभं होतं.

"फाळ तर दोन्हीकून वळेल हाय," तो म्हणाला. "अन् बैल कुठं जुंपायचे ह्याला?"

ती पोट धरून हसली. "जहाजाचा नांगर, बाबा! जहाज वाहून जाऊ नये म्हणून पाण्यात टाकतात."

"मंग काढतात कधी?"

"निघायचं असलं की."

मग मला इतके दिवस जे जमलं नव्हतं, ते त्यानं उष्ट्या हातानं विचारून टाकलं. "तू टाकला का गं?"

तिचं हसू थांबलं. "टाकला, बाबा. इथंच घर घेतलं मी. सांगायचं राहूनच जात होतं."

मला वाटलं, आता हा आवाज चढवेल. मला तर तेच हवं होतं.

"मंग बराबर खोल टाक, माय," तो म्हणाला. "वरवरच्या नांगरटीत काई उगवत न्हाई."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा भयंकर रागही आला. मोठा आला आशीर्वाद देणारा! मी फोन हिसकावून घेतला.

"काढता येतो ना गं पण तो? आत्ता तूच म्हणालीस."

"येतो की, आई," ती म्हणाली. संग्रहालयातल्या पाहुण्यांशी बोलतात तशा, अगदी गोड आवाजात.