मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर

सुपरहिरोच्या मालिकेत नायकाची आई मुलाच्या फोटोसमोर ढसाढसा रडत होती आणि आमच्या ह्यांनी नेमकं तिथेच रिमोटचं बटण दाबून चित्र थांबवलं.

"अगं, तिच्या मागचं कॅलेंडर बघ! पहिल्या भागातल्या स्फोटाची तारीख आहे ती!"

असल्या लपवलेल्या खुणा सापडल्या की ह्यांना कोण आनंद! ती बाई बिचारी उघड्या तोंडाने, गालावर अडकलेल्या पाण्यासकट तशीच थांबून राहिली.

"आधी तिला रडू तर द्या," मी वैतागून म्हटलं.

पण नवल तरी कशाचं करायचं म्हणा! माझी आई गेली तेव्हा मी स्वयंपाकघरात रडत होते. हे माझ्या खांद्यावरून भिंतीकडे बघत म्हणाले होते, "सिलिंडर कधी लावला गं? कॅलेंडरवर लिहिलेलं दिसत नाही."