नाकावर परतलेला काळा रंग

आमच्या कुत्रीच्या नाकाचा काळा रंग उडू लागला, तेव्हा सासूबाईंनी एका नजरेत निदान केलं: खरूज. त्यांच्या गावाकडे यावर एकच औषध, करंजाचं तेल चोळायचं आणि जनावर उन्हात बसवायचं. नागपूरजवळ कोराडीच्या आमच्या क्वार्टरच्या गच्चीवर मूगवड्यांशेजारी कुत्रीही वाळू लागली. सासूबाई काठी घेऊन दोघींची राखण करत. नाक मात्र चिरत गेलं, खपल्या धरल्या, कानांवरही पसरल्या.

शेजारच्या काकूंनी फाटकाबाहेरूनच सांगितलं, मुलांना लागण होईल, होळीच्या आत हिला हलवा. रामटेककडे तुमचं शेत आहेच, तिथं बांधा म्हणे. नवरा ‘बघू’ म्हणाला. त्याचं बघू म्हणजे हो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोटच्या पोरीला खपल्या धरल्या असत्या तर शेतात नेऊन बांधलं असतं का? मी कुत्रीला ऑटोत घातलं आणि तडक नागपुरात जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्यांनी नाकाचा बारीकसा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट आल्यावर म्हणाल्या, ही खरूज नाही, कुणाला लागतही नाही. रोगाशी लढणारी तिच्या शरीरातली ताकदच तिच्या कातडीवर उलटली आहे. म्हणजे कुंपणच शेत खात होतं. आणि हा आजार उन्हानं भडकतो, म्हणून ऊन पूर्ण बंद. नागपूरकडे राहून ऊन बंद! मला हसूच आलं. मग रामटेकचं ते उघडं शेत आठवलं आणि हसू गेलं.

घरी येऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी करंजाच्या तेलाची बाटली दिसेनाशी झाली. काठी तीच राहिली. खिडकीतून उन्हाची तिरीप आली की त्या कुत्रीला काठीनं हळूच सावलीत ढकलत. डॉक्टरीणबाईंनी दिलेली गोळी तुपाच्या घासात दडवून द्यायचं कामही त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. फिरायला आम्ही उजाडायच्या आत जायचो.

होळी झाली, कुत्री घरातच होती. नवऱ्यानं विषय काढला नाही, मी काढू दिला नसता. कूलरला नवा वाळा लावला तोवर तिच्या नाकावर तिळाएवढा काळा ठिपका उगवला होता. मग तो पसरला.

एका दुपारी काकू फाटकाशी घुटमळताना दिसल्या.

“काहून उन्हात उभी वं?” सासूबाई म्हणाल्या. “आत ये. आमची पोरगी कूलरसमोर बसून राहिली, तिच्याजवळ बस.”

काकू आल्या, अंग चोरून बसल्या. कुत्रीनं आपलं ओलं, काळंभोर नाक सरळ त्यांच्या तळहातावर टेकवलं. काकूंनी हात काढून घेतला नाही. आम्ही जिंकलो होतो, आणि मी ते चेहऱ्यावर खुशाल दिसू दिलं.