अकरा किलोमीटर जादा

सलग नवव्या दिवशी कॉम्प्युटरवर तीच लाल ओळ आली. रूट डिव्हिएशन. दिलीप मानेचा टँकर कारखान्याच्या फाट्याआधीच डावीकडे वळला होता आणि आतल्या गावांतून फिरून पुढे पुन्हा मेन रोडला लागला होता. अकरा किलोमीटर जादा.

मी तेव्हा दुधाच्या टँकरांचा सुपरवायझर होतो. कळंब्याला ऑफिस, एकवीस टँकर, आणि प्रत्येकाला जीपीएस. गावोगावचं दूध चिलिंग सेंटरला गार करून ठेवतात. तिथून ते डेअरीत वेळेत पोचवायचं, एवढंच आमचं काम. उशीर झाला तर दूध आंबतं. त्यामुळे कोणी जादा फिरला की आमच्या लाईनमध्ये दोनच अर्थ निघतात. एक तर डिझेल काढतोय, नाही तर आडरस्त्याला सील खोलून दूध काढून पाणी ओततोय.

मालकांनी बोलावून घेतलं.

"काय ओ सुपरवायझर, झोपलाय काय? मान्या दूध काढतोय. पकडा आणि घरी घालवा."

"एकोणीस वर्षं झाली मालक त्याला. एक तक्रार न्हाई."

"मग एकोणीस वर्षं सापडला न्हाई म्हणा की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटरसायकल काढली आणि चिलिंग सेंटरपासून टँकरच्या मागे लागलो. मनात म्हटलं, आज रंगेहाथ धरतो. फाट्याआधी टँकर डावीकडे वळला. दोन्ही बाजूंना ऊस, रस्ता एका गाडीपुरता. समोरून ट्रॉली आली की दिलीपला टँकर शंभर-शंभर फूट रिव्हर्स घ्यावा लागे. म्हशी आडव्या आल्या, त्या वेगळ्याच. पण तो स्वतःहून कुठेही थांबला नाही. डेअरीत सील जसंच्या तसं निघालं. फॅटही बरोबर लागली. चोरी नाही म्हटल्यावर मला बरं वाटायला हवं होतं, पण मी उलटा भडकलो.

"दिलीप, त्या बोळातनं कशाला मरायला जातोस?"

"रस्ता मोकळा हाय साहेब त्यो."

"मोकळा? मागं हुतो मी. सगळं बघितलंय."

तो बुटाकडे बघत म्हणाला, "इतके दिवस कसंबसं काढलं. आता फाट्यावरनं जमत न्हाई."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सांगायला लाज वाटते, पण मी विसरलो होतो. अपघाताचे कागद मीच भरले होते आणि तरी विसरलो होतो.

तीन महिन्यांपूर्वी त्या फाट्यावर उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करताना एक मोटरसायकलवाला चिखलावरून घसरला आणि दिलीपच्या टँकरच्या मागच्या चाकाखाली आला. पंचनामा झाला. चूक दिलीपची नव्हती. टँकर गॅरेजमधून आला, नारळ फोडला, नवीन लिंबू-मिरची बांधली, आणि चौथ्या दिवशी मीच दिलीपच्या हातात चावी दिली. तोच टँकर, तोच रूट. आमच्यात याला भीती मोडणं म्हणतात. अपघात झालेला ड्रायव्हर घरी बसला की कायमचा बसतो, म्हणून त्याला लगेच त्याच गाडीवर, त्याच रस्त्याला घालायचं. मी स्वतः अकरा वर्षं ड्रायव्हर होतो. माझ्या उस्तादाने माझी भीती अशीच मोडली होती. त्यामुळे मी दिलीपवर उपकारच करतोय अशी माझी समजूत होती.

"पाणी मागत हुता त्यो," दिलीप म्हणाला. "माझ्या हातात बाटली हुती. लोक म्हणाले, पाणी दिऊ नका, दगावंल. मी दिलं न्हाई. तरी गेलाच की साहेब त्यो. आता डोळा लागला की त्येचा आवाज येतो."

रोज दोन ट्रिपा, म्हणजे चौदा तास ड्युटी. आणि हा माणूस तीन महिने धड झोपला नव्हता.

"डॉक्टरला दाखवूया," मी म्हटलं.

"डाक्टरकडं गेलो की कागूद झाला. येड्याच्या हातात टँकर कोण देतंय? मालक देत्यात?"

मालकांनी दिला नसता, हे मला ठाऊक होतं. मग मी माझ्या अकलेप्रमाणे उपाय काढला.

"उद्या मी शेजारी बसतो. एकदा फाटा ओलांडलास की सुटलास."

तो "बरं" म्हणाला. एकोणीस वर्षांत त्याने कुठल्याच ड्युटीला नाही म्हटलं नव्हतं, पण ते मी लक्षात घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी केबिनमध्ये बसलो. फाटा दिसेपर्यंत गप्पा चालल्या होत्या. फाट्याच्या मधोमध त्याने टँकर उभा केला. मागे हॉर्न सुरू झाले. दिलीप आरशात मागच्या चाकाकडे बघत होता.

"साहेब, खाली बघून या. चाकाखाली कोण न्हाई न्हवं?"

मी उतरलो, बघितलं, वर आलो. "कोण न्हाई. घे पुढं."

"परत बघा की."

मी परत उतरलो. तिसऱ्यांदा उतरून वर आलो तेव्हा तो थरथर कापत होता आणि शर्ट घामाने भिजला होता. स्टिअरिंगवरची त्याची बोटं मी एकेक करून सोडवली. त्याला बाजूला सरकवलं आणि टँकर मी डेअरीला नेला. त्याच्याकडे बघायचं मला धाडस होईना.

दूध पास झालं. मालकांचा फोन आला, "पास झालं न्हवं? मग लिव्हा, ट्रिप पूर्ण."

दिलीपने त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. आठवड्याने त्याची बायको बावड्याहून युनिफॉर्म परत द्यायला आली. दारासमोर ट्रॅक्टर थांबला तरी तो आतल्या खोलीत जाऊन बसतो, म्हणाली. मी दोघांना घेऊन मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, "त्या जागी परत नेतात, पण उपचार सुरू करून, हळूहळू, महिने घेऊन. तुम्ही एका सकाळीत उरकलंत."

अपघातानंतर ड्रायव्हरला पंधरा दिवस रजा आणि डॉक्टर, असा नियम मी मालकांपुढे ठेवला. "आणि टँकर कोण, तुम्ही चालवणार?" असं त्यांनी विचारलं. मी रिटायर झालो तरी तो नियम काही झाला नाही.

गेल्या महिन्यात इचलकरंजीला गेलो होतो, तेव्हा दिलीपला भेटलो. एका लूमच्या शेडमध्ये तो कापडाच्या घड्या घालतो. गोळ्या चालू आहेत. मागांचा खडखडाट एवढा, की कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागत होतं. मी ओरडलो, "ह्या आवाजाचा तरास होत न्हाई?"

"हितंच बरं हाय साहेब," तो ओरडला. "ह्यात त्येचा आवाज ऐकू येत न्हाई."

अपघात झालेल्या ड्रायव्हरला सुपरवायझरने चौथ्या दिवशी चावी द्यायची नसते. झोप लागते का, एवढं विचारायचं असतं, आणि खरं उत्तर येईपर्यंत थांबायचं असतं. मी हे शिकलो, पण दिलीपच्या जिवावर.