एकच हसू

"मेलेल्या माणसाला हसवणं सोपं, जिवंत माणूस आधी कारण विचारतो," असं फोटोमास्तर एकदा म्हणाले होते, तेही वडिलांचा फोटो न्यायला आलेल्या मुलासमोर. मुलगा रडता रडता फिस्सकन हसला आणि मास्तरांचा विनोद चार गल्ल्यांत पसरला.

त्यांचं काम तसंच होतं. गेलेल्या माणसाचा जुना फोटो मोठा करायचा, मिटलेले डोळे बारीक ब्रशने उघडायचे, कपाळावरची आठी घालवायची आणि ओठांच्या कोपऱ्यात जरासं हसू ठेवायचं. न्यायची राहिलेली माणसं दुकानाच्या भिंतीवर ओळीने चिकटवलेली असत. म्हातारे, तरण्या बायका, एक पोस्टमन. हसू मात्र सगळ्यांचं एकच. मास्तरांना दुसरं येतच नव्हतं. लहानपणी वडिलांनी ताईला खिडकीपाशी स्टुलावर बसवून तिचं हसू त्यांच्याकडून गिरवून घेतलं होतं. एक नियमही घालून दिला होता: जिवंत माणसाच्या तोंडावर हसू रंगवायचं नाही.

ताई दुपारी आली, हातात कपड्यांची बॅग घेऊन. उद्या हृदयाचं ऑपरेशन. आज दाखल व्हायचं होतं.

"दवाखान्याच्या कार्डाचा फोटो झाला का रे? आणि सोबत येतोयस ना?"

"फोटो झालाय. मी कसा येऊ? दुकान कोण बघणार, ही मंडळी?" मास्तरांनी भिंतीकडे बोट केलं.

एरवी ती हसली असती. मास्तरांनी ब्रश धुतला, पुसला, पुन्हा धुतला. पंख्याच्या वाऱ्याने भिंतीवरचे कागद फडफडत होते. सगळे चेहरे एकदम माना हलवत असल्यासारखे दिसत.

ताईने फोटोचं पाकीट उघडलं आणि आतला फोटो बाहेर काढला.

"काल मी हसले नव्हते."

खरंच होतं. काल कॅमेऱ्यापुढे तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. तो भेदरलेला चेहरा सकाळी मास्तरांना बघवेना. हात आपसूक ब्रशकडे गेला. दोन फटकाऱ्यांत हसू जमलं. तिचंच हसू, तिच्याच तोंडावर, तरी मास्तरांच्या अंगावर काटा आला होता.

ताईने फोटो भिंतीवरच्या पोस्टमनशेजारी धरला. मग एका म्हाताऱ्याशेजारी.

"अगंबाई, मी तर घरोघर टांगलेली आहे की! आणि मला आत्ताच यांच्यात धरलंस होय?"

"तसं नाही गं ताई..."

"राहू दे. बरंच केलंस. उद्या काही झालंच तर तुझी धावपळ वाचली."

विनोद अगदी मास्तरांच्याच धाटणीचा होता. तीस वर्षं ते असलेच विनोद लोकांच्या रडण्यावर फेकत आले होते. अंगावर आल्यावर तो केवढा गार लागतो, हे त्यांना आज कळलं.

"आता खरं हसव मला," ताई म्हणाली. "जिवंत आहे अजून, म्हणून कारण विचारते. एकटीच चाललेय, कशावर हसू?"

मास्तरांनी ओल्या बोळ्याने फोटोतले ओठ पुसले. खालचा भेदरलेला चेहरा वर आला. तो त्यांनी तिच्या हातात दिला. मग पंखा बंद केला. भिंतीवरच्या माना थांबल्या. तिच्या पायाशी ठेवलेली बॅग उचलली, आणि दुकान तसंच उघडं टाकून मास्तर तिच्यासोबत बाहेर पडले.