डब्यांवरची अक्षरं

तिला सगळे भिंगरीच म्हणत. चाळिशी उलटली तरी बाई एका जागी बूड टेकेल तर शपथ! खुर्चीत बसून दोन अक्षरं सरकवायची, की उठून खिडकीशी, तिथून ओट्याशी, परत खुर्चीत. लेबलं आणि पाट्या डिझाइन करायचा धंदा, तोही घरातूनच. म्हणजे हे येरझाऱ्या घालणं दिवसभर आईला ऐकावं लागे.

गेले पंधरा दिवस तर विचारूच नका. एका वृद्धाश्रमाच्या गोळ्यांच्या डब्यांसाठी लेबलं करायची होती. तिथल्या एका आजोबांनी रात्रीची झोपेची गोळी सकाळीच घेतली आणि जिन्यात पडले. मेट्रनबाईंनी निक्षून सांगितलं होतं, "अक्षर असं हवं, की चष्मा हरवला तरी वाचता येईल. आणि फॉन्ट फुकटातलाच बघा हं, त्यासाठी वेगळा खर्च मंजूर होणार नाही."

फुकटातला! जणू झाडाला लागलेत. तिने साठ-सत्तर उतरवून घेतले असतील. एकाचा परवाना उघडावा तर 'फक्त वैयक्तिक वापरासाठी'. दुसऱ्याचा परवाना खुला, पण जोडाक्षर आलं की अक्षरं एकमेकांच्या अंगावर. तिसरा दिसायला देखणा, पण लहान केला की 'घ' आणि 'ध' जुळे भाऊ. आपल्या लेबलामुळे आणखी कुणी पडलं तर? हा भुंगा काही डोक्यातून जाईना.

शेवटी तिने स्वतःचीच एक पद्धत काढली. फॉन्ट बरा वाटला, की त्यात 'तांदूळ', 'साखर', 'मीठ', 'चहा' असं छापायचं, पट्ट्या स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या चार डब्यांना चिकटवायच्या आणि टेबलाशी बसलेल्या आईला विचारायचं. आई पंच्याहत्तरीची, म्हणजे आश्रमातल्यांच्याच वयाची. आई धडाधड वाचायची. कधी म्हणायची, "हा जरा बारीक आहे गं." कधी, "हा छान, ठसठशीत." भिंगरी वहीत गुण मांडायची. असे अकरा फॉन्ट झाले. तिघांना पैकीच्या पैकी.

आज पाचपर्यंत फाइल प्रेसला द्यायची होती. प्रेसवाल्या काकांचे दोन फोन येऊन गेले. त्या तिघांतला एक निवडायचा, बस्स! चार वाजता तिला वाटलं, शेवटची चाचणी खऱ्या शब्दांवरच घ्यावी. तिने त्यांतल्याच एकात 'सकाळ', 'दुपार', 'संध्याकाळ', 'रात्र' छापलं, घाईघाईने त्याच डब्यांवर चिकटवलं आणि बाजूला झाली. शब्द बदललेत, हे आईला सांगायचं राहूनच गेलं.

"हं, वाच गं आई."

आईने मान वर केली, डोळे किलकिले केले आणि नेहमीसारखं खणखणीत म्हणाली, "तांदूळ, साखर, मीठ, चहा. हा सगळ्यात चांगला बघ. हाच घे."

भिंगरीने पुन्हा फळीकडे पाहिलं. आधी आला तो रागच. पंधरा दिवसांची मेहनत, वहीतले ते गुण, सगळं मातीत! ती ओरडणारच होती. पण आई तिकडे फळीकडे बघून हसत होती, शाबासकीची वाट बघत.

"आई, तिथे तसं काही लिहिलेलंच नाहीये."

आईचं हसू मावळलं. तिने टेबलावरून उगाचच हात फिरवला.

"तुला काहीच दिसत नव्हतं? एवढे दिवस?"

"तू किती धडपडत होतीस गं. म्हटलं, माझ्यामुळे तुझं काम अडायला नको. डबे काय, जागेवरून ठाऊक असतात मला."

"अगं, पण मला सांगायचंस तरी! मी इथेच असते ना दिवसभर!"

"असतेस. पण तू थांबतेस कुठे? सांगायला तोंड उघडावं, तर तू दुसऱ्या खोलीत."

फोन पुन्हा वाजला. तिने उचलला, "काका, आज नाही जमणार," एवढंच म्हणाली आणि बंद केला. आश्रमात स्वतः जाऊन, तिथल्याच लोकांना वाचायला लावावं लागणार होतं. ते उद्या. आत्ता तिला दुसरंच विचारायचं होतं आणि विचारायची भीती वाटत होती. तिने खुर्ची ओढली आणि आईसमोर गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"आणि मी? मी दिसते का तुला?"

आई थोडी पुढे झुकली.

"अजून जरा जवळ ये," ती म्हणाली.