मामाची आरोळी

तासगावात बेदाण्याच्या शेडमागं माझं रिमिक्सचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक संगणक, दोन स्पीकर आणि भिंतींना चिकटवलेले अंड्यांचे ट्रे. पण बेस असा, की मी इथं बटण दाबलं की मिरजेत मांडणीवरची भांडी आपण होऊन खाली उतरतात. गाभण म्हशींची रेडकं पोटातच ताल धरतात. खोटं वाटत असेल तर म्हशीला विचारा.

हल्ली गिऱ्हाइकाला प्रेमाची गाणी नकोत. नवरदेव अंगाला हळद लावून बसलेला, आणि वरातीच्या गाण्यात त्याला कोयता पाहिजे, गोळीचा आवाज पाहिजे, बीट पडायच्या आधी कुणीतरी दम भरलेला पाहिजे. दम भरणारा मला मिळेना. गावातले नामचीन गुंड माईकसमोर आले की शेळीसारखे बोलायचे. शेवटी मामाला धरलं.

माझा मामा म्हणजे मुंगी चावली तर तिलाच 'लागलं का' विचारणारा. पण द्राक्षबागेत पाखरं हाकायला उभा राहिला की त्याची आरोळी तीन गावं ओलांडून जायची आणि चौथ्या गावातलं झाड रिकामं व्हायचं. मी माईक घेऊन बागेतच गेलो. "खाली उतर, मुंडी मुरगाळतो तुझी," मामा एका साळुंकीवर ओरडला. मी मागं गोळीबार टाकला, खाली बीट लावला. अख्ख्या सातारा-सांगलीनं त्यावर हातांच्या तलवारी करून नाचून घेतलं. साळुंकीचा कुणाला पत्ता नव्हता.

मग मामाचा आवाज बसला, तो उठलाच नाही. घशात गाठ निघाली. मिरजेत ऑपरेशन झालं, त्या दिवशी मी लोणंदला एका वरातीत होतो. भर दुपार. डीजेवाल्यानं माझंच गाणं लावलं. बीट थांबला, पोरं जागच्या जागी गोठली, आणि भिंतीएवढ्या स्पीकरांतून मामा गरजला. माझ्या बरगड्या आतून हलल्या. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. मामी होती.

"आवाजाची पेटीच काढली रं त्यांची. आता बोलणार न्हाईत ते."

मागं मामा दुसऱ्यांदा गरजला.

"कोण वरडतंय तिथं?" मामीनं विचारलं. मी फोनवर तळवा दाबला. मग तिनंच फोन ठेवला.

मामा घरी आल्यावर भेटायला गेलो. तो खाटेवर बसलेला, गळ्याला रुमाल. मामी म्हणाली, "बाळा, तुझ्याकडं त्यांचा आवाज हाय म्हणं. मला द्ये. पर माणसासारखं कायतरी बोललेलं द्ये."

माझ्याकडं होती ती फक्त धमकी. मग मी ती एका ॲपला चारली. कुणाच्याही आवाजात काहीही बोलतं ते. दुसऱ्या दिवशी मामाच्या खाटेसमोर स्पीकर मांडीवर घेऊन लावलं: "अगं ऐकलंस का, जरा चहा टाक." हुबेहूब मामा.

मामी उठली, चुलीकडं निघाली आणि मधेच थांबली. मामा माझ्याकडं बघत होता. त्याचेच कपडे घालून दुसरं कुणी दारात येऊन उभं राहिल्यावर बघावं, तसं.

"बंद कर त्ये," मामी म्हणाली. "कुणाला घरात घेतलंस? ह्यांनी कवा चहा मागितला न्हाई. नुसतं दारात येऊन उभं राहायचं. मी वळखायची."

"मामी, दुसरं म्हंजे ते मुंडीचंच हाय."

"मग त्ये लाव. त्ये तर त्यांचं हाय."

मी गाण्यातला गोळीबार काढला, बीट काढला. उघडीबोडकी आरोळी उरली आणि तिच्यामागं बागेतला वारा. लावली. खोलीभर मामा घुमला. आणि खाटेवर मामाचे ओठ हलले, अक्षराला अक्षर. छाती फुगली, मानेच्या शिरा ताठ झाल्या. आवाज मात्र माझ्या मांडीवरून येत होता.

मामी त्याच्याजवळ बसली. रुमालाच्या वर, गळ्यावर तिनं तळवा टेकवला. तिथं काहीच थरथरत नव्हतं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. पण हात तिनं काढला नाही.

"परत लाव," ती म्हणाली.